सीमेवर थांबलेलं सैन्य: भूतान, डिसेंबर 2003

13 डिसेंबर 2003 रोजी भूतान सरकारनं आपल्या दक्षिणेकडच्या जंगलात ठाण मांडून बसलेल्या, भारताविरुद्ध लढणाऱ्या तीन सशस्त्र संघटनांना निघून जायला 48 तासांची मुदत दिली. मुदत संपली आणि 15 तारखेला रॉयल भूतान आर्मीनं त्यांच्या तळांवर एकाच वेळी हल्ला चढवला. मुख्य तळ 30 होते. त्यातले 13 स्वतंत्र आसाम मागणाऱ्या उल्फाचे, 12 बोडो संघटना एनडीएफबीचे आणि 5 वेगळं कामतापूर मागणाऱ्या केएलओचे. आत माणसं तीनेक हजार. हल्ला करणारं सैन्य सहा हजारांच्या आसपास, आणि त्यानं त्याआधी एकही लढाई लढलेली नव्हती. त्याच वेळी सीमेच्या अलीकडं, आसाम आणि उत्तर बंगालच्या बाजूला, भारतीय लष्कर वाटा अडवून उभं होतं. ते आत गेलं नाही.

या प्रकरणाचा सगळा अर्थ त्या न जाण्यात आहे, असं माझं मत आहे. सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत मी राज्यसेवा आणि यूपीएससी करणाऱ्या मुलांचे आंतरराष्ट्रीय संबंधांचे तास घेतो. शेजारी देशांचं सुरक्षा सहकार्य आणि सार्वभौमत्व असा प्रश्न आला, की उत्तरपत्रिकेत ठरलेली वाक्यं उतरतात. सहकार्य वाढलं की सार्वभौमत्व घटतं, म्हणून समतोल हवा. मार्क मिळतात, पण हातात काही लागत नाही. भूतानचं प्रकरण या साच्यात बसत नाही, म्हणून ते सविस्तर मांडतो.

हे लोक तिथं पोचले कसे

उल्फा 1979 मध्ये स्थापन झाली. नोव्हेंबर 1990 मध्ये आसामात राष्ट्रपती राजवट लागली, लष्करानं ऑपरेशन बजरंग सुरू केलं आणि 1991 मध्ये ऑपरेशन ऱ्हायनो. पाठीवर लष्कर आलं तेव्हा उल्फाची माणसं उत्तरेला सरकली. तिथं 699 किलोमीटरची सीमा होती, जवळपास उघडी. पलीकडं दाट जंगल, रस्ते नाहीत, चौक्या तुरळक. भूतानला कुणी विचारलं नाही. पाठोपाठ बोडो संघटना आली आणि 1995 मध्ये जन्मलेली केएलओही तिथंच आसऱ्याला गेली. आसामात स्फोट करायचे, खंडणी गोळा करायची आणि डोंगर चढून परत जायचं, असा क्रम वर्षानुवर्षं चालला. पलीकडच्या काही गावकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी पैसे घेऊन त्यांना शिधा पुरवला. त्यांच्यावर पुढं खटले चालले.

याच काळात भूतानच्या दक्षिण भागातून एक लाखाच्या वर नेपाळीभाषक लोकांना घरदार सोडावं लागलं आणि ते नेपाळमधल्या झापा-मोरंगच्या छावण्यांत जाऊन पडले. या दोन गोष्टींचा थेट कार्यकारणभाव जोडायला मी धजणार नाही. पण दक्षिणेतला सारपांग जिल्हा दोन्ही कहाण्यांत आहे, आणि भूतानचं कौतुक करताना ही ओळ गाळायची नसते.

भूतानची अडचण समजायला नकाशा नीट बघावा लागतो. देशाच्या दक्षिण कडेची गावं डोंगरांच्या रांगांनी एकमेकांपासून तुटलेली आहेत. सामद्रुप जोंगखारहून गेलेफूला जायचं तर सोयीचा रस्ता आसाममधून. अक्कलकोटहून मंगळवेढ्याला जायला सोलापूरचा रस्ताच नाही, कर्नाटकात उतरून इंडीवरनंच वर यावं लागतं, आणि मधल्या पट्ट्यात कुणीतरी आपल्यावर डूख धरून बसलंय, असं समजा.

बार्शी तालुक्यातले एक निवृत्त एसएसबी (सशस्त्र सीमा बल) जवान माझ्या ओळखीचे आहेत. 2004 मध्ये ही सीमा एसएसबीकडं सोपवली गेली, त्यानंतर काही काळ ते दरंग्याला, म्हणजे सामद्रुप जोंगखारच्या अलीकडच्या गेटवर होते. "काका, तिथं रोजचं काम काय असायचं?" असं विचारलं, तर म्हणाले, "काम म्हंजे गाड्या बघायच्या, सर. भूतानच्या खाजगी गाडीला लाल पाटी असती. सकाळी लाल पाटी ह्या गेटातनं आसामात उतरणार आन् दिवस मावळायच्या आत दुसऱ्या गेटातनं परत भूतानात घुसणार. जायचं कुठं, तर त्यांच्याच देशातल्या दुसऱ्या गावाला. आसाम बंद असला की बसली गेटापाशी, पोराबाळांसकट." मुलांना मी हे आवर्जून सांगतो. शेजाऱ्याशी भांडायचं की नाही, याचा विचार करताना थिंफूच्या, म्हणजे भूतान सरकारच्या डोळ्यांपुढं या लाल पाट्या होत्या. डिसेंबर 2000 मध्ये भारतातून जाणाऱ्या भूतानी वाहनांवर हल्ले होऊन प्रवासी मारलेही गेले होते.

राजापुढचे मार्ग

राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक 1972 मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी गादीवर आले. त्यानंतर तीन वर्षांत, 1975 मध्ये, शेजारचं सिक्कीम भारतात विलीन झालं. हे त्या राजानं तरुण वयात अगदी जवळून पाहिलं. भूतान 1971 पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य होता, सिक्कीम कधीच नव्हता, त्यामुळे दोन्हींची कायदेशीर स्थिती वेगळी. पण भीती काही कलमं वाचून जात नाही.

शिवाय कलमंही फारशी धीर देणारी नव्हती. 8 ऑगस्ट 1949 रोजी दार्जिलिंगला झालेल्या भारत-भूतान कराराच्या दुसऱ्या कलमात लिहिलं होतं, की परराष्ट्र संबंधांत भूतान भारत सरकारच्या सल्ल्यानं चालेल. सहाव्या कलमानुसार शस्त्रं आणायची तर भारताचं साहाय्य आणि मान्यता लागे. त्याच करारानं भारतानं भूतानला देवनगिरीचा सुमारे 32 चौरस मैलांचा पट्टा परत दिला होता. गंमत अशी, की देवनगिरी म्हणजे आजचं देओथांग, सामद्रुप जोंगखार जिल्ह्यातलं. इंग्रजांनी युद्धात घेतलेली आणि स्वतंत्र भारतानं परत केलेली जमीन, आणि अर्ध्या शतकानं त्याच जिल्ह्याच्या जंगलात भारताविरुद्ध लढणारे तळ.

म्हणजे राजापुढं काय होतं? गप्प बसावं, तर भारताचा धीर सुटणार आणि देशाच्या दक्षिणेत दुसऱ्याच कुणाचं राज्य चालू राहणार. न्गांगलमचा डुंगसम सिमेंट प्रकल्प या लोकांमुळे रखडला होता, सीमेजवळच्या शाळा बंद पडत होत्या. भारतीय लष्कराला आत बोलवावं, तर काम झटपट झालं असतं. भारताची तशी तयारीही होती. पण हा भारतीय लष्करी प्रशिक्षकांच्या पथकासारखा मामला नव्हता. ते पथक 1962 पासून भूतानच्या 'हा' नावाच्या जिल्ह्यात होतंच, आणि भारताच्या सीमा रस्ते संघटनेच्या दंतक प्रकल्पाची माणसं 1961 पासून रस्ते बांधत होती. शिकवायला आलेलं सैन्य आणि लढायला आलेलं सैन्य यांत फरक असतो. लढायला आलेलं सैन्य परत कधी जायचं हे स्वतः ठरवतं. तिसरा मार्ग स्वतः लढण्याचा. 2005 च्या जनगणनेत भूतानची लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आत भरली. एकट्या सोलापूर शहराची 2011 मध्ये साडेनऊ लाख होती. एवढ्याशा देशानं, आसामातून ये-जा करणारी आपली माणसं ओलीस असल्यासारखी असताना, तीन हजार बंदूकधाऱ्यांवर चालून जायचं.

राजानं आधी चौथा मार्ग धरला: बोलणी. 1997 पासून राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे भूतानच्या संसदेच्या अधिवेशनांत हा विषय येत राहिला आणि सरकार उल्फा-एनडीएफबीच्या म्होरक्यांना भेटत राहिलं. जून 2001 मध्ये उल्फानं आपल्या नऊपैकी चार तळ वर्षाअखेर हलवायचं कबूल केलं. हलवले, पण भूतानातच दुसरीकडं नेऊन मांडले.

"सहा वर्सं गप बसला की वो राजा," असं आमच्या वर्गातला अक्कलकोटचा एक मुलगा म्हणाला, आणि अर्ध्या वर्गाचं तेच मत होतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्या सहा वर्षांत आसामात जी माणसं मेली, त्यांच्या घरच्यांना थिंफूची सबुरी परवडण्यासारखी नव्हती. तरीही मला ही वर्षं वाया गेलेली वाटत नाहीत. दर अधिवेशनात चर्चा व्हायची, दक्षिणेचे लोकप्रतिनिधी आपली गाऱ्हाणी मांडायचे, सरकार आकडे सांगायचं. त्यामुळे 2003 च्या अधिवेशनात शेवटचा प्रयत्न करून मग लष्करी कारवाईचा मार्ग ठरला, तेव्हा तो निर्णय दिल्लीच्या दबावाखाली एका रात्रीत झाला असं म्हणायची सोय उरली नाही. दबाव होता, सप्टेंबर 2003 मध्ये राजे दिल्लीला जाऊनही आले. पण मोहिमेची तारीख थिंफूनं ठरवली. भारतानं सैन्य देऊ केलं, ते भूताननं नाकारलं. सीमा बंद ठेवा, एवढंच मागितलं.

डिसेंबर

मोहिमेचा तपशील थोडक्यात पुरे. राजे स्वतः आघाडीवर होते आणि त्यांचे एक पुत्र, जिग्येल उग्येन, स्वयंसेवक दलातून उतरले. 17 डिसेंबर हा भूतानचा राष्ट्रीय दिन, त्या वर्षी तो मोहिमेच्या तिसऱ्या दिवशी आला. काही दिवसांतच मुख्य तळ पडले आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काम संपलं. उल्फाचे ज्येष्ठ नेते भीमकांत बुढागोहाईं हाती लागले. साडेसहाशेहून अधिक जण मारले किंवा पकडले गेले, असं तेव्हाचे भारताचे लष्करप्रमुख जनरल एन. सी. विज यांनी सांगितलं. भूतानचे दहाहून अधिक सैनिक गेले. पकडलेल्यांना भारताच्या ताब्यात दिलं. जखमी भूतानी सैनिकांना हलवायला भारतीय हेलिकॉप्टर आणि रुग्णालयं मदतीला आली. विजयाची मिरवणूक निघाली नाही. थिंफूहून पुनाखाला जाताना दोचुला खिंडीत 108 स्तूप दिसतात. पर्यटकांच्या फोटोत हमखास असणारे हे स्तूप या मोहिमेनंतर राणी आशी दोर्जी वांग्मो यांनी बांधवून घेतले.

लष्करीदृष्ट्या बघायचं तर सीमा बंद नसती, तर ही मोहीम फसलीच असती. तीन हजार माणसं रात्रीत आसामात उतरली असती आणि पाऊस सरल्यावर परत वर गेली असती. म्हणजे भूताननं एकट्यानं केलं हे खरं नाही. हातोडा त्यांचा होता, ऐरण भारताची. पण ऐरण जागेवरून हलली नाही.

नळदुर्गची बाजू

सोलापूरच्या मुलांना याच्या उलटं उदाहरण दूर शोधावं लागत नाही. नळदुर्ग आपल्यापासून तासाभरावर. 29 नोव्हेंबर 1947 रोजी निजामानं भारताशी जैसे थे करार केला. वर्षभरासाठी संबंध पूर्वीसारखे राहतील, असं ठरलं. त्या वर्षात रझाकारांचा धुमाकूळ वाढत गेला. सरहद्दीवरची गावं उठून सोलापूरकडं येऊ लागली. अलीकडच्या बाजूला स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची शिबिरं उभी राहिली आणि तिथून निजामी हद्दीतल्या नाक्यांवर हल्ले होऊ लागले. ऑगस्ट 1948 च्या अखेरीस दिल्लीनं निजामाला स्पष्ट कळवलं, की रझाकारांवर बंदी घाला आणि सिकंदराबादला भारतीय फौज परत येऊ द्या. निजामानं ते केलं नाही, तक्रार घेऊन तो आधीच संयुक्त राष्ट्रांकडं गेला होता. 13 सप्टेंबरला मेजर जनरल जे. एन. चौधरींची मुख्य फौज सोलापूरहून निघाली. पहिली चकमक नळदुर्गला, बोरी नदीच्या पुलापाशी. 17 तारखेला सगळं आटोपलं.

या तुलनेला मर्यादा आहे, आणि ती मोठी आहे. हैदराबादची बहुसंख्य जनता स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे उभी राहून विलीनीकरण मागत होती. भूतानात असा प्रश्नच नव्हता. निजामाचं 'सार्वभौमत्व' आपल्याकडं कुणी मान्य केलं नव्हतं आणि मीही करत नाही. मला इथं एकच धागा हवा आहे. आपल्या हद्दीतल्या हत्यारबंद टोळ्यांना आवरायचं काम निजामानं स्वतः केलं नाही, तेव्हा ते करायला शेजारची फौज आली. भूतानच्या राजानं ते स्वतः केलं, आणि शेजारची फौज सीमेवर थांबली.

दुसरं उदाहरण अलीकडचं. जून 2015 मध्ये मणिपुरातल्या चंदेल जिल्ह्यात 18 जवान मारले गेले. 9 जूनला भारतीय कमांडोंनी म्यानमार सीमेवर कारवाई केली. दिल्लीत काहींनी 'सीमा ओलांडून' असं मोठ्यानं सांगितलं आणि म्यानमारला ते नाकारावं लागलं. टोळ्यांचं नुकसान झालं असेल, पण शेजाऱ्याला आपल्याच लोकांपुढं लाज वाटेल असं बोलून आपण काय मिळवलं, हे मला आजवर कळलेलं नाही. 2019 मध्ये दोन्ही सैन्यांनी ऑपरेशन सनराइज केलं ते आपापल्या बाजूला राहून, एकमेकांना कळवून. भूतानची रीत तिथं उशिरा का होईना पोचली.

2007 मध्ये काय बदललं

8 फेब्रुवारी 2007 रोजी नवी दिल्लीत नवा मैत्री करार झाला. दुसरं कलम पार बदललं. 'सल्ल्यानं चालेल' हे शब्द गेले. त्याऐवजी दोन्ही देश राष्ट्रीय हिताच्या बाबतीत एकमेकांशी निकट सहकार्य करतील, आणि कोणतंही सरकार आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेला व हिताला घातक कारवायांसाठी वापरू देणार नाही, असं आलं. 2003 ची मोहीम आणि हे कलम यांच्यात मला सरळ रेषा दिसते. आमच्या जमिनीवरून तुम्हाला धोका होऊ देणार नाही, हे ज्यानं माणसं गमावून दाखवून दिलं, त्याच्यावर 'सल्ल्याचं' कलम लादून ठेवायला दिल्लीकडं कारण उरलं नव्हतं. अर्थात भूतान लोकशाहीकडं निघाला होता, राजेंनी 2006 च्या अखेरीस मुलाकडं गादी सोपवली होती आणि 2008 मध्ये निवडणुका आणि राज्यघटना येणार होती, हीही कारणं आहेतच. सगळं श्रेय मोहिमेला दिलं तर ते भाबडेपणाचं होईल.

चौथं कलम मात्र मुलं नेहमी विसरतात. शस्त्रं आयात करायला भूतान मोकळा आहे, 'साहाय्य आणि मान्यता' हे शब्द काढले, पण भूतानचे हेतू मैत्रीचे आहेत आणि त्या शस्त्रांपासून भारताला धोका नाही याबद्दल भारत सरकारचं समाधान असेल तोवरच, ही अट राहिली. समाधान कुणाचं, हे बघा. दुसऱ्या कलमात मिळालेलं माप चौथ्यात थोडं परत घेतलं आहे.

2017 मध्ये डोकलामला या सगळ्याची परीक्षा झाली. 16 जूनला चिनी सैन्यानं डोकलाम पठारावर रस्ता करायला घेतला. त्या जागेवर भूतानचा दावा आहे. भारतीय सैनिक तिथं जाऊन आडवे उभे राहिले आणि 28 ऑगस्टपर्यंत राहिले. 2003 मध्ये जे घडलं नव्हतं ते इथं घडलं, भारतीय सैन्य भूतान आपली मानतो त्या जमिनीवर उतरलं. 29 जूनला भूताननं निवेदन काढलं. चीनचा रस्ता चीन-भूतानमधल्या 1988 आणि 1998 च्या समझोत्यांचा भंग करतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं. भारतीय सैन्याचा शब्दही त्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी दिल्लीनं मात्र आपण भूतानशी समन्वय राखून वागल्याचं सांगितलं. वर्गात काहींना भूतानचं हे मौन म्हणजे लाचारी वाटली. मला तसं वाटत नाही. आम्ही बोलावलं असं म्हटलं असतं, तर चीनशी चाललेल्या सीमाचर्चेत आपण कुणाच्या तरी आडून बोलतो असं कबूल केल्यासारखं झालं असतं. नाही बोलावलं म्हटलं असतं, तर भारताशी बिनसलं असतं. दोन्ही न म्हणणं हा छोट्या देशाचा हक्क आहे आणि तो त्यांनी वापरला.

हिशेबात न धरलेलं

भूतानमधल्या मोहिमेत बेपत्ता झालेल्या उल्फाच्या माणसांच्या बायका पुढं आसामात उपोषणाला बसल्या. आमचे नवरे मेले की तुरुंगात आहेत, एवढं तरी सांगा, ही त्यांची मागणी. दोन सरकारांनी मिळून केलेल्या कारवाईत जाब कुणाला विचारायचा, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. थिंफू म्हणणार, आम्ही सोपवलं. दिल्ली म्हणणार, कारवाई त्यांची. सार्वभौमत्वाची चर्चा आपण नेहमी राजधानीच्या बाजूनं करतो. या बायकांच्या बाजूनं बघितलं, तर सीमेवर थांबलेल्या सैन्याचा एक फायदा असाही दिसतो, की जबाबदारीही सीमेवरच थांबते.

आणि 2007 च्या कराराच्या दुसऱ्या कलमाचं उत्तरार्धातलं बंधन दोन्ही देशांवर आहे, हे विसरून चालत नाही. मोहिमेनंतर वर्ष सरायच्या आत, सप्टेंबर 2004 मध्ये, गेलेफूच्या बाजारात बॉम्बस्फोट झाला. पुढच्या काळात सीमेलगतच्या भूतानी नागरिकांची अपहरणं झाली, आणि संशयाची बोटं आसामच्या बाजूच्या टोळ्यांकडं वळली. म्हणजे आता भूमी आपली होती आणि धोका त्यांना. बार्शीच्या काकांना मी विचारलं, की भूतानकडून कधी तक्रार यायची का? "यायची ना. त्यांचा अधिकारी गेटावर यायचा, लई अदबीनं बोलायचा. आमच्या सायबाला म्हणायचा, तुमच्या बाजूनं जरा बघा."